फुटबॉल हंगामाअखेरची बैठक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिना सरता सरता ठाणे आणि नवी मुंबईतले आम्ही तीस-पस्तीस फुटबॉलवेडे वाशीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात जमतो आणि ज्याने त्याने आपापल्या क्लबच्या सरलेल्या हंगामाचा हिशेब सर्वांसमोर मांडायचा, असा आमचा शिरस्ता आहे. या गटाला नाव नाही, नोंदणी नाही आणि वर्गणीही नाही. नव्याने येणारी मंडळी मात्र दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाची लिहून काढली आहेत. लिहिणारा पेशाने हिशेबनीस असल्यामुळे भाषा अधूनमधून जमाखर्चाच्या वळणावर जाईल, ती चालवून घ्यावी.

हंगाम नेमका कधी संपतो?

युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीग ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि मे महिन्यात संपतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात आणि शेवटची फेरी सहसा रविवारी, आपल्या घड्याळानुसार रात्री साडेआठला सुरू होते. जर्मनीची बुंडेसलीगा शनिवारी संध्याकाळी सात वाजता आपला पडदा पाडते. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना वर्षानुवर्षे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होत असे आणि सोमवारी कामावर जाणाऱ्यांचे नसले, तरी घरातल्यांच्या झोपेचे त्याने फार हाल केले. २०२६ च्या अंतिम सामन्यासाठी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, ही वेळ अलीकडे आणली, त्यामुळे आपल्याकडे तो रात्री साडेनऊचा झाला. आमच्या घरी या निर्णयाचे जेवढे स्वागत झाले, तेवढे कोणत्याही गोलचे कधी झाले नसेल.

कागदोपत्री हंगाम मात्र ३० जूनला संपतो, कारण खेळाडूंचे बहुतेक करार त्या तारखेला सुटतात. आपल्याकडे ३१ मार्चला जे महत्त्व, ते तिकडे ३० जूनला. कोल्हापूरचा हंगामही पावसाळ्यापूर्वीच आवरतो. आमच्यातले दोघे मूळचे कोल्हापूरचे आहेत आणि त्यांच्या दृष्टीने शाहू स्टेडियमवरचा शेवटचा सामना झाला की जगातला फुटबॉल हंगाम संपला, बाकीचे सारे प्रदर्शनीय सामने.

शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी का खेळवतात?

कारण एका संघाचा निकाल आधी कळला, तर दुसऱ्याला आपल्याला किती हवे आहे हे नेमके ठाऊक होते आणि मग खेळ राहतो बाजूला. याचा सर्वांत कुप्रसिद्ध दाखला १९८२ च्या विश्वचषकातला आहे. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले होते आणि आपले गटातले सगळे सामने संपवून तो संघ बसला होता. दुसऱ्या दिवशी स्पेनमधल्या गिजोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया भिडले. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली, तर दोघेही पुढे जाणार होते आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला हृबेशने गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला. पुढच्या विश्वचषकापासून प्रत्येक गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम झाला आणि लीगमध्येही अखेरच्या दिवसाचा तोच रिवाज आहे.

प्रेक्षकाला मात्र यातून एक अवघड सुख मिळते. दहा सामने एकदम चालू असतात आणि पाहायचा एकच असतो. आम्ही यावर उपाय म्हणून सभागृहात एका शाळेच्या रंगकामाच्या वेळी भंगारात निघालेला काळा फळा आणून ठेवला आहे. मोठ्या पडद्यावर एक सामना असतो आणि फळ्यावर खडूने लिहिलेली जिवंत गुणतालिका. कोणाच्या तरी फोनवर गोलची बातमी येते, ती मोठ्याने सांगितली जाते आणि नेरूळच्या एका सभासदाची अकरा वर्षांची मुलगी ओल्या फडक्याने दोन ओळी पुसून संघांची अदलाबदल करते. तिची एक अट आहे: ऑफसाइडची, म्हणजे खेळाडू नियमबाह्य जागी होता का याची, तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ती फळ्याला हात लावत नाही. मोठी माणसे तिच्यावर ओरडतात, ती खडू पाठीमागे धरून उभी राहते आणि आजवर बहुतेक वेळा तिचेच बरोबर ठरले आहे.

गुण समान झाले तर काय होते?

हे प्रत्येक लीगमध्ये वेगळे आहे आणि निम्मी भांडणे यामुळेच होतात. प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक पाहतात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करतात. तोही सारखा असेल, तर केलेले एकूण गोल पाहतात आणि परस्परांतल्या लढती त्यानंतर येतात. स्पेनच्या ला लीगामध्ये परस्परांतल्या लढती आधी पाहतात. इटलीत २०२२-२३ पासून विजेतेपदासाठी दोन संघ समान गुणांवर असतील, तर थेट एक निर्णायक सामना खेळवण्याची तरतूद आहे.

गोलफरकाचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर १३ मे २०१२ ची संध्याकाळ आठवावी. मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचे गुण ८९ झाले आणि +६४ विरुद्ध +५६ अशा गोलफरकावर सिटीला ४४ वर्षांनी विजेतेपद मिळाले. भरपाई वेळेत, म्हणजे नव्वद मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या वेळेत, आधी सिटीच्या जेकोने बरोबरी साधली आणि मग अग्वेरोने ९३ मिनिटे २० सेकंदांवर क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध तिसरा गोल केला, हे आता सर्वांना पाठ आहे. ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. नौपाड्यातल्या आमच्या घरी नव्वदाव्या मिनिटाला केबल गेली. परत आली, तेव्हा खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडलेले होते आणि कोण जिंकले हे कळायला मला निळा रंग ओळखावा लागला. केबलवाल्याने महिन्याच्या बिलात पाच रुपयेही कमी केले नाहीत.

परंतु जाणकाराला २०१२ पेक्षा १९८९ अधिक आवडते. २६ मे रोजी लिव्हरपूल आणि आर्सेनल लिव्हरपूलच्याच मैदानावर हंगामाचा शेवटचा सामना खेळले आणि आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. सामना संपता संपता मायकेल थॉमसने दुसरा गोल केला. दोघांचेही गुण ७६, दोघांचाही गोलफरक +३७ आणि केलेले गोल आर्सेनलचे ७३ विरुद्ध लिव्हरपूलचे ६५. म्हणजे हिशेब तिसऱ्या रकान्यापर्यंत गेला. सप्टेंबरमध्ये ४-० ने पुढे असताना पाचव्या गोलसाठी धावणारा आघाडीवीर वेडा का नसतो, याचे उत्तर या रकान्यात आहे.

विजेता आधीच ठरला असेल, तर शेवटचा दिवस पाहायचा कशाला?

विजेता हा गुणतालिकेतल्या वीस ओळींपैकी एक आहे. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलने चार फेऱ्या शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले होते, तरीही २५ मे २०२५ च्या रात्री आमच्या सभागृहात बसायला जागा नव्हती, कारण प्रश्न पुढच्या चॅम्पियन्स लीगमधल्या प्रवेशाचा होता. त्या वर्षी इंग्लंडला युरोपीय कामगिरीच्या जोरावर त्या स्पर्धेत पाचवी जागा मिळाली होती. न्यूकॅसल एव्हर्टनकडून ०-१ असा हरला, पण त्याच वेळी अ‍ॅस्टन व्हिला मँचेस्टरमध्ये युनायटेडकडून ०-२ असा हरला. दोघांचे गुण ६६ राहिले आणि गोलफरकावर न्यूकॅसल पाचवा आला. व्हिलाच्या रॉजर्सने चेंडू जाळ्यात धाडला होता, परंतु त्याआधीच पंचांनी शिट्टी वाजवल्यामुळे तो गोल तपासणीसाठीदेखील जाऊ शकला नाही. हरलेला संघ नाचत होता आणि सभागृहातला व्हिलाचा एकुलता एक चाहता, कळव्याहून येणारा एक गृहस्थ, चपला शोधत होता. चॅम्पियन्स लीगमध्ये असणे आणि नसणे यांत कोट्यवधी पौंडांचा फरक पडतो आणि तो फरक पुढच्या ऑगस्टमध्ये कोण विकला जातो यातून दिसतो.

खालच्या तीन क्रमांकांची एवढी चर्चा का?

कारण शेवटच्या तिघांना खालच्या श्रेणीत जावे लागते आणि वर येणाऱ्यांना टिकणे फार कठीण झाले आहे. २०२३-२४ मध्ये वर आलेले ल्युटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड तिघेही एका वर्षात परत खाली गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउथहॅम्प्टन यांचे तसेच झाले. साउथहॅम्प्टनने अवघे १२ गुण मिळवले आणि डर्बी काउंटीच्या २००७-०८ मधल्या ११ गुणांचा नीचांक मोडण्यापासून तो संघ एका गुणाने वाचला. त्यांच्या चाहत्यांनी त्या एका गुणाचा उत्सव केला, हे पाहून हसू येते. पण मी हसलो नाही. शून्याच्या जवळ उभे राहिलेल्या माणसाला एकाची किंमत कळते.

घसरणीचा फटका फक्त प्रतिष्ठेला बसत नाही. दूरचित्रवाणीचे उत्पन्न कोसळते, म्हणून खाली गेलेल्या क्लबांना पुढची काही वर्षे विशेष रक्कम दिली जाते आणि ती मिळते म्हणून तेच क्लब पुन्हा वर येण्यास अधिक सक्षम ठरतात. पायरी चढणाऱ्यांपैकी तेच ते चेहरे दिसतात, याचे एक कारण हे आहे. त्यातूनही सुटका होते. वर येण्याच्या निर्णायक सामन्यात संडरलँडने २०२५ मध्ये वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडविरुद्ध भरपाई वेळेत गोल करून २-१ असा विजय मिळवला आणि तिसऱ्या श्रेणीपर्यंत घरंगळलेला तो क्लब आठ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला.

बैठकीत नेमके काय सांगायचे असते?

प्रत्येकाला सात मिनिटे मिळतात. ऑगस्टमध्ये आम्ही एका जाड रजिस्टरमध्ये आपापल्या क्लबचा अपेक्षित क्रमांक, सर्वाधिक गोल कोण करील याचा अंदाज आणि एक चिंता, अशा तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहून सही करतो. मे महिन्यात बोलायला उठलेल्या माणसाने आधी त्या तीन ओळी मोठ्याने वाचायच्या आणि मगच पुढे बोलायचे. या एका नियमाने बैठकीतले निम्मे खोटे आपोआप गळून पडते, कारण "मला तर आधीच ठाऊक होते" असे म्हणण्याची सोय उरत नाही. मी स्वतः ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या टॉटेनहॅमपुढे "चौथा" असे ठाशीव अक्षरांत लिहिले होते. संघ सतरावा आला.

सतरावा आला आणि तरीही २१ मे २०२५ ला बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून युरोपा लीग जिंकला. २००८ नंतरचा तो पहिला करंडक होता. आता याचा ताळेबंद कसा मांडायचा? लीगमध्ये २२ पराभव नावे, सतरा वर्षांनी मिळालेला करंडक जमा. मी सात मिनिटांऐवजी अकरा मिनिटे बोललो आणि तरी बाकी निघेना. क्लबने तर सोळा दिवसांत प्रशिक्षक पोस्तेकोग्लू यांना निरोप दिला. म्हणजे त्यांच्या वहीत काय शिल्लक निघाली, ते उघड आहे. माझ्या वहीत अजूनही तो आकडा पेन्सिलीने लिहिलेला आहे.

केवळ पंचांच्या चुकांमुळे हरलो, असे सांगता येते का?

एका वाक्यात सांगता येते. दुसऱ्या वाक्याला घंटा वाजते. ३८ सामन्यांत पंचांच्या चुका होतात, परंतु त्या तुमच्या बाजूनेही होतात आणि तुमच्या बाजूच्या चुकांची यादी आणलेला माणूस अजून आमच्याकडे यायचा आहे. दुखापतींविषयी बोलण्यास हरकत नाही. मात्र किती खेळाडू किती सामने बाहेर होते, ते मोजून आणावे.

दुसरा क्रमांक म्हणजे अपयश का?

याबाबत सभागृहात दोन तट आहेत आणि मी दुसऱ्या तटात आहे. पहिला तट म्हणतो, करंडक कपाटात नसेल, तर हंगाम रिकामा गेला. लिव्हरपूलने २०१८-१९ मध्ये ९७ गुण मिळवले, अख्ख्या लीगमध्ये एकच सामना गमावला आणि तरीही ९८ गुणांच्या मँचेस्टर सिटीमागे तो दुसरा राहिला. त्या हंगामाला रिकामा म्हणणारा माणूस क्रमांक वाचतो, पण रकाने वाचत नाही. आर्सेनल २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ असा सलग तीनदा दुसरा आला. ती तीन वर्षेही एकसारखी नाहीत. पहिल्या वर्षी तो संघ दीर्घकाळ आघाडीवर राहून घसरला, दुसऱ्या वर्षी ८९ गुणांपर्यंत पोहोचून दोन गुणांनी मागे राहिला आणि तिसऱ्या वर्षी ७४ गुणांवरच थांबला. तीन वेळा दुसरा क्रमांक, पण त्यातला मधला हंगाम मी आनंदाने घरी नेला असता. आर्सेनलचे चाहते यावर माझ्याशी भांडतात, ते एकापरी बरोबरच आहे.

मुंबई सिटीचा हिशेब याच बैठकीत होतो का?

होतो आणि सर्वांत आधी होतो. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये २०२४-२५ पर्यंत दोन मान होते हे आधी ध्यानात घ्यावे. साखळीत अव्वल येणाऱ्याला शील्ड मिळे आणि त्यानंतरच्या बाद फेरीतल्या विजेत्याला चषक. युरोपातून आलेल्या मंडळींना हा प्रकार विचित्र वाटतो, कारण तिकडे साखळीत पहिला तोच विजेता. आमच्या मते शील्ड अधिक मोलाची आहे. चषक तीन-चार रात्रींत मिळवता येतो, शील्डला पूर्ण हंगाम लागतो.

मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये शील्ड आणि २०२३-२४ मध्ये चषक. आता या चारींच्या तारखांसमोर ठिकाणे लिहून पाहावीत. २०२१ ची शील्ड गोव्यात बांबोळीला ठरली. त्या दिवशी एटीके मोहन बागानला २-० ने हरवून मुंबईने ४० गुणांवर त्यांची बरोबरी केली आणि परस्परांतल्या लढतींवर ती वर गेली. त्यानंतरचा चषक फातोर्ड्याला, बिपिन सिंगच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवर. साथीमुळे दोन्ही वेळा प्रेक्षकांची आसने रिकामी होती. २०२३ ची शील्ड पुन्हा फातोर्ड्याला, गोव्याविरुद्ध ५-३ असा विजय मिळवून निश्चित झाली. २०२४ चा चषक ४ मे रोजी कोलकात्यात, मोहन बागानच्या गर्दीपुढे, एका गोलची पिछाडी भरून काढत ३-१ असा. चार मान, चारही घराबाहेर. या शहराने आपल्या क्लबला जिंकताना फक्त पडद्यावर पाहिले आहे. त्यामुळे मँचेस्टरचा चाहता आणि मुंबईचा चाहता यांच्यात, निदान हंगामाच्या शेवटच्या रात्री, आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

नेरूळला एवढे मोठे मैदान असताना क्लब अंधेरीला का खेळतो?

हा प्रश्न नवी मुंबईकर विचारतात आणि विचारताना त्यांचा स्वर थोडा चढतो, तो समजण्यासारखा आहे. पहिली दोन वर्षे मुंबई सिटीचे घर नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम हेच होते. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी तिथल्या पहिल्या सामन्यात पुण्याला ५-० असे हरवले आणि आंद्रे मोरित्झने तीन गोल केले. २०१५ मध्ये याच मैदानावर सुनील छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल केले आणि आयएसएलमध्ये हॅटट्रिक साधणारा तो पहिला भारतीय ठरला. आयएसएलचा पहिलावहिला अंतिम सामनाही २० डिसेंबर २०१४ ला इथेच झाला. मोहम्मद रफीकच्या भरपाई वेळेतल्या हेडरने कोलकात्याने केरळला हरवले. जुईनगरच्या पुलावरून पिवळे शर्ट घातलेली केरळची मंडळी त्या रात्री ज्या शांततेने स्टेशनकडे चालली होती, ती शांतता मला त्या गोलपेक्षा अधिक स्पष्ट आठवते.

२०१६ पासून क्लब अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये गेला. अंधेरीचे मैदान लहान आहे, पण म्हणूनच ते भरते आणि प्रेक्षक खेळपट्टीच्या जवळ असतात. नेरूळचे मैदान बांधणीने क्रिकेटचे आहे. आयपीएलचा २००८ चा पहिला अंतिम सामना तिथे झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषकही तिथेच उचलला. मैदानाची गोलाई मोठी असल्यामुळे कोपऱ्यातल्या प्रेक्षकाला कॉर्नर किक दुर्बिणीतून पाहावी लागते, असे आम्ही गमतीने म्हणतो. तरीही मोठा सामना आला की पावले नेरूळकडेच वळतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात स्पेनने मालीला ३-१ असे हरवलेला उपांत्य सामना इथे झाला. ६ फेब्रुवारी २०२२ ला महिलांच्या आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढत ३-२ असा विजय मिळवला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. ६ नोव्हेंबर २०२३ ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्ध मुंबई सिटी पुन्हा नेरूळला खेळली. ०-२ अशी हार झाली. अल हिलालचा नेमार काही आठवडे आधी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता, त्यामुळे त्याच्यासाठी आधीच तिकिटे काढलेल्यांचा विरस झाला. मी त्यांच्यातला एक.

आयएसएलमधून खाली जाण्याची भीती असते का?

२०२४-२५ पर्यंत एकही संघ कामगिरीमुळे आयएसएलमधून खाली गेला नव्हता. वर येण्याचा दरवाजा मात्र उघडला आहे. खालच्या श्रेणीतली आय-लीग जिंकून आधी पंजाब आणि नंतर मोहम्मडन स्पोर्टिंग वर आले. त्यानंतरच्या २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता तर मैदानावर ठरलाच नाही. अपात्र खेळाडू खेळवल्याच्या वादातून प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेले आणि एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित केले असताना जुलैमध्ये लवादाने तो मान इंटर काशीला दिला. त्या वर्षी आमच्या बैठकीत या स्पर्धेची ओळ फळ्यावर रिकामी ठेवावी लागली होती.

आपल्याकडची खरी भीती घसरणीची नसून बंद पडण्याची आहे. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद आला, तोही पुढे २०२५ मध्ये दिल्लीला हलला. जुलै २०२५ मध्ये तर आयोजकांनी भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरच्या हक्कांच्या कराराचे भवितव्य अनिश्चित असल्याचे सांगून संपूर्ण आयएसएलच स्थगित ठेवली. इंग्लंडमध्ये खाली गेलेला संघ पुढच्या ऑगस्टमध्ये खेळायला उभा राहतो. पुण्याच्या चाहत्याकडे मात्र नारिंगी शर्ट उरला आहे. असा एक शर्ट आमच्या बैठकीत येतो आणि त्याच्या मालकाला आम्ही पूर्ण सात मिनिटे देतो.

आवडता खेळाडू फुकटात निघून गेला, हे कसे होते?

१९९५ च्या बॉसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात कोणतेही शुल्क न देता दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकतो. एम्बापे २०२४ मध्ये पॅरिसहून माद्रिदला असाच गेला. करार संपण्यास एक वर्ष उरले असताना विकायचे की राखायचे, हा निर्णय प्रत्येक क्लबच्या उन्हाळ्यातला सर्वांत महागडा निर्णय असतो. लिव्हरपूलच्या अलेक्झांडर-अरनॉल्डचा करार ३० जून २०२५ ला संपणार होता, तरी क्लब विश्वचषकासाठी तो लवकर मिळावा म्हणून माद्रिदने त्या महिन्याभरासाठी पैसे मोजले. उसनवारीवर गेलेले खेळाडूही याच सुमारास मूळ क्लबकडे परततात आणि त्यांची नावे ताळेबंदात जमेच्या बाजूला लिहावीत की नावे, हे कोणालाच ठाऊक नसते.

क्लब बदलला तर चालेल का?

बाराव्या वर्षापर्यंत चालेल.

कधीही न पाहिलेल्या गावाच्या संघाला "आपला" म्हणण्याचा अधिकार कोणी दिला?

हा प्रश्न बहुतेक वेळा घरातलेच लोक विचारतात. मला वाटते, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ यांपैकी कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे जन्मलेल्या पेठेवरून ठरते आणि तिथे निवडीचा प्रश्नच नसतो. ऐरोलीत वाढलेल्या मुलाने एव्हर्टन निवडला, तर त्याला ती निवड दर हंगामाला पुन्हा करावी लागते, कारण त्याला अडवणारा शेजारी नसतो. पहिल्या प्रकारात नाळ आहे, दुसऱ्यात नेम आहे. आमचे कोल्हापूरकर मित्र दुसऱ्याला खरा चाहता मानत नाहीत. मात्र एव्हर्टनचे २०२३-२४ मध्ये आर्थिक नियमभंगामुळे दोन टप्प्यांत आठ गुण कापले गेले, तेव्हा ऐरोलीच्या त्या मुलाने फळ्यावरचा आकडा स्वतः जाऊन कमी केला होता. त्या दिवशी त्यांनी त्याला स्वतःच्या डब्यातली भडंग दिली.

बैठकीला यायचे कसे आणि परतायचे कसे?

ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाने वाशी सोयीचे आहे, परंतु शेवटची फेरी रविवारी असते आणि रविवारी मेगाब्लॉक असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी रेल्वेची सूचना पाहूनच निघावे. सामने साडेदहाच्या सुमारास संपतात. त्यानंतर फळ्याचे छायाचित्र काढले जाते, रजिस्टरमध्ये अंतिम क्रमांक लिहिले जातात आणि अकराला सभागृहाची किल्ली वॉचमनकडे परत द्यावी लागते. क्लबांचे हिशेब पुढच्या शनिवारी संध्याकाळी होतात. खाण्याची व्यवस्था नाही. वडापाव आणणाऱ्याने मोजून आणू नयेत, इतकेच.

जून आणि जुलैमध्ये काय करायचे?

विश्वचषक किंवा युरो असेल, तर प्रश्न मिटतो. नसेल, तर पाऊस असतो आणि मुंबई-ठाण्याचा खरा फुटबॉल पावसातच खेळला जातो. क्रिकेटचे स्टम्प घरी जातात, मैदानात घोट्याएवढे पाणी साचते आणि सरळ मारलेला चेंडू मध्येच थबकतो. जुलैच्या सुमारास ड्युरंड चषकाची कुणकुण लागते. १८८८ मध्ये सुरू झालेली ही आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी रजिस्टर पुन्हा उघडते. तेव्हा नव्या सभासदांनी स्वतःचे पेन आणावे आणि पेन्सिल आणू नये.